देशाची फर्स्ट लेडी होती, न्यूयॉर्कहून सर्जन आला. पण एविटाला तिचा आजार कुणी सांगितलाच नाही

तारीख ६ नोव्हेंबर १९५१. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या आवेयानेदामध्ये एका मोठ्या हॉस्पिटलात ३२ वर्षांच्या एका बाईला ऑपरेशनसाठी भूल देण्यात आली. ती पूर्ण झोपल्यावर एक अमेरिकन सर्जन आत आला. त्याने ऑपरेशन केलं आणि ती शुद्धीवर येण्याआधी तो निघूनही गेला.

ही बाई म्हणजे एवा पेरॉन. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको आणि तिथल्या गरिबांची लाडकी एविटा.

एविटाचा जन्म ७ मे १९१९ चा, लॉस तोल्दोस नावाच्या खेड्यातला. वडील पैसेवाले जमीनदार होते, पण त्यांचं कायदेशीर कुटुंब वेगळं होतं. एविटाची आई आणि तिची पाच मुलं त्या घराबाहेरची. १९२६ मध्ये वडील अपघातात गेले आणि आईने शिवणकाम करून पोरं वाढवली. वयाच्या १५ व्या वर्षी एविटा नटी व्हायला राजधानीत आली. छोटी-मोठी कामं करत ती रेडिओ नाटकांमधलं मोठं नाव बनली.

जानेवारी १९४४ मध्ये सान हुआन शहरात मोठा भूकंप झाला. मदतनिधीच्या कार्यक्रमात तिची ओळख कर्नल हुआन पेरॉन यांच्याशी झाली. १९४५ मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी पेरॉन राष्ट्राध्यक्ष झाले. १९४७ मध्ये अर्जेंटिनातल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, त्यासाठी एविटाने जोर लावला होता. तिच्या नावाच्या फाउंडेशनने शाळा, वृद्धाश्रम, हॉस्पिटलं उभी केली. आवेयानेदाचं ते हॉस्पिटलसुद्धा त्यातलंच.

हे सगळं सुरू असताना तब्येत साथ सोडत होती. जानेवारी १९५० मध्ये एका कार्यक्रमात तिला चक्कर आली. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि ती परत कामाला लागली. पण अशक्तपणा आणि रक्तस्राव वाढत गेला. १९५१ मध्ये तपासणीत निदान झालं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. तोही बराच वाढलेला.

पेरॉन यांच्यासाठी हे दुसऱ्यांदा घडत होतं. त्यांची पहिली बायको ऑरेलिया १९३८ मध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली होती.

आता शोध सुरू झाला तो सगळ्यात चांगल्या डॉक्टरचा. अर्जेंटिनाचे कॅन्सरतज्ज्ञ आबेल कानोनिको यांच्यामार्फत न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलचे नावाजलेले सर्जन जॉर्ज पॅक यांना गाठण्यात आलं. अमेरिकेशी पेरॉन सरकारचं फारसं पटत नव्हतं, त्यामुळे सगळं गुपचूप. आधी रेडियमचे उपचार झाले, मग पॅक यांनी ऑपरेशन केलं. बाहेर मात्र अर्जेंटिनाचे सर्जन रिकार्दो फिनोकिएत्तो यांचं नाव सांगण्यात आलं.

जगाला सांगितलं नाही, हे एकवेळ समजू शकतं. पण एविटालाही सांगितलं नाही. ऑपरेशन कुणी केलं हे तिला कळलं नाही आणि कॅन्सर हा शब्दही तिच्यासमोर कुणी काढला नाही.

तेव्हा हे विचित्र वाटत नव्हतं. कॅन्सर म्हटलं की पेशंट खचेल, अशी समजूत होती. १९६१ मध्ये शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना याबद्दल विचारलं, तेव्हाही जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडेच होता.

ऑपरेशननंतर पाचच दिवसांनी निवडणूक होती. अर्जेंटिनाच्या बायका राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत देणार होत्या. एविटासाठी मतपेटी हॉस्पिटलच्या खाटेपाशी आणली गेली.

पण १९५२ च्या सुरुवातीलाच दुखणं परतलं. कॅन्सर उलटला होता. पुन्हा रेडिएशन झालं. नायट्रोजन मस्टर्ड हे तेव्हा अगदी नवं असलेलं केमोथेरपीचं औषधही दिलं गेलं. उपयोग झाला नाही. ४ जूनला पेरॉन यांच्या दुसऱ्या शपथविधीला ती उघड्या गाडीतून गेली. वजन ३६ किलोच्या आसपास आलं होतं. तिला उभं राहता यावं म्हणून कोटाखाली आधाराचा सांगाडा बसवला होता, असं सांगतात. २६ जुलै १९५२ ला एविटा गेली. वय फक्त ३३.

पॅक यांचं नाव उघड व्हायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली.

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? बहुतेक नाही. आजार पुढे गेलेला होता आणि औषधं तोकडी होती. पण आपले उरलेले महिने कसे घालवायचे, कोणता उपचार घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे ठरवायची संधी तिला मिळाली असती. लाखो बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून भांडलेल्या बाईला स्वतःच्या शरीराबद्दल मत देता आलं नाही.

आज एखाद्या मैत्रिणीचा असा कॅन्सर उलटला, तर धावपळ करणाऱ्यांनी एविटाची गोष्ट लक्षात ठेवावी. स्त्रियांच्या कॅन्सरवर काम करणारे गायनॅक ऑन्कोलॉजिस्ट आता वेगळे असतात. शक्यतो अशा ठिकाणी जावं, जिथे सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात. जाताना जुना बायोप्सी रिपोर्ट, त्याच्या स्लाइड आणि ब्लॉक, ऑपरेशनची नोंद, स्कॅन आणि आधी किती रेडिएशन दिलं याचा कागद सोबत हवा. त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येईल का, हे या कागदावर बरंच अवलंबून असतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यात पहिल्याचा अपमान नसतो.

फाइल कुणीही सांभाळावी. पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवावं, आणि तिला जेवढं जाणून घ्यायचंय तेवढं तिला कळू द्यावं.