भट्टीपुढच्या डोळ्यांसाठी तीनशे काचा

पूर्वी चष्म्याच्या दुकानांत फिकट रंगाची ‘क्रूक्स’ काच मिळत असे. उन्हाचा त्रास होणाऱ्यांना ती सुचवली जाई. हे नाव एका माणसाचे आहे. सर विल्यम क्रूक्स हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या काचेचा शोध सुरू केला तो उन्हात फिरणाऱ्यांसाठी नव्हे, तर भट्टीपुढे राबणाऱ्या कामगारांसाठी.

क्रूक्स यांचा जन्म १७ जून १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिंपीकाम करत, घरात भावंडे पुष्कळ. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते रसायनशास्त्राच्या महाविद्यालयात दाखल झाले. पुढे त्यांनी नोकरीच्या मागे न लागता घरातच प्रयोगशाळा थाटली आणि १८५९ मध्ये रसायनशास्त्राचे साप्ताहिक काढले. १८६१ मध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यातला गाळ ज्योतीत धरून पाहताना त्यांना वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेघ दिसली. ते थॅलियम हे नवे मूलद्रव्य होते.

तेव्हापासून प्रकाश आणि किरण हाच त्यांचा ध्यास झाला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात उजेड पडताच फिरणारी चक्री त्यांनी बनवली. जवळजवळ निर्वात केलेल्या नळ्यांतून वीज सोडून त्यांनी ऋणाग्र किरणांचा अभ्यास केला. अशाच नळ्यांवर काम करताना १८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. डोळ्यांना न दिसणारे किरणही पदार्थावर परिणाम करतात, हे क्रूक्स आयुष्यभर पाहत आले होते.

त्या काळी काचेच्या कारखान्यांत एक दुखणे सर्वांना ठाऊक होते. वर्षानुवर्षे वितळलेल्या काचेकडे पाहणाऱ्या कामगारांना इतरांपेक्षा लवकर मोतीबिंदू होई. हाताला कसब असलेला माणूस नजर गेल्यामुळे घरी बसे. याचा विचार करण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १९०८ मध्ये समिती नेमली. १९०९ मध्ये, वयाच्या सत्याहत्तरीत, क्रूक्स यांनी प्रयोग सुरू केले.

भट्टीतून डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाबरोबर उष्णतेचे अवरक्त किरणही येतात. ते डोळ्यातल्या भिंगापर्यंत पोहोचून त्याला तापवतात. रोज थोडेथोडे तापत गेलेले भिंग अखेर गढूळ होते. अतिनील किरणही डोळ्यांना अपायकारक असतात. म्हणून हे दोन्ही किरण अडवणारी, तरीही कामगाराला काम नीट दिसेल इतकी स्वच्छ काच हवी होती. नुसती काळी काच उजेड कमी करते, पण ती न दिसणारे किरण अडवेलच असे नाही.

क्रूक्स यांनी वेगवेगळ्या धातूंची संयुगे मिसळून तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा तयार केल्या आणि एकेक तपासली. लोहाच्या संयुगाने उष्णतेचे किरण अडत, सेरियमने अतिनील. सगळे गुण एकाच काचेत पुरेपूर उतरले नाहीत, पण काही काचांनी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता अडवली. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्याच वर्षी ते या संस्थेचे अध्यक्ष झाले. ४ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

क्रूक्स यांचा हा धडा आज मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात फार जवळचा आहे. मागाचा तुटलेला भाग असो, ट्रॉलीचा सांगाडा असो की खिडकीचे ग्रिल, वेल्डिंगशिवाय काम अडते. वेल्डिंगच्या ज्योतीतून अतिनील किरण बाहेर पडतात. ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. वेल्डर निदान काच धरतो. तुकडा धरून उभा असलेला हाताखालचा पोरगा मात्र नुसती मान वळवतो. त्यालाही तीच काच हवी.

रस्त्यावरचा काळा गॉगल इथे चालत नाही, आणि जुनी क्रूक्स काचही नाही. विजेच्या वेल्डिंगला साधारण दहा ते तेरा क्रमांकाची काच लागते. गॅस वेल्डिंगला त्याहून फिकट चालते. डोळे खुपू लागले तर दुकानातून बधिर करणारे थेंब आणून घालत राहू नये. त्यांनी जखम भरायला उशीर होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

लेसरचा शोध क्रूक्स यांच्या निधनानंतर ४१ वर्षांनी, १९६० मध्ये लागला. त्याची इजा अधिक गंभीर असते. डोळ्यातले भिंगच तो झोत दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते. तिथे भाजले तर दुखत नाही आणि गेलेली नजर बहुधा परतत नाही. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या बाबतीत हे घडले. धातूवर अक्षरे कोरणाऱ्या अनेक यंत्रांचा लेसर तर डोळ्यांना दिसतही नाही. अशा यंत्रावरच्या कामगाराला त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो. ती तरंगलांबी चष्म्यावर छापलेली असते. हिरव्या लेसरचा चष्मा दुसऱ्या लेसरला उपयोगी पडेलच असे नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३५ अशा कामांत डोळ्यांसाठी पडदे किंवा योग्य गॉगल पुरवण्याशी संबंधित होते. अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. लहान दुकानात तपासायला कोणी येत नसेल, तरी काचेचा क्रमांक मालकाला आणि कामगाराला स्वतःच पाहता येतो. काच तडकली असेल तर ती आजच बदलावी.