राजर्षी शाहू महाराज : शिकारी आणि राज्यकर्ता

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
- शाहू महाराजांच्या जीवनातील शिकारीचे स्थान सांगता येईल;
- त्या काळातील शिकारीच्या पद्धती व शस्त्रे यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- शिकारीशी निगडित मराठी शब्दांची जडणघडण ओळखता येईल;
- एका चरित्रनायकाच्या छंदाचा त्याच्या राज्यकारभाराशी असलेला संबंध तपासता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, राजर्षी शाहू छत्रपती यांचे नाव घेताच आपल्यासमोर आरक्षणाचा जाहीरनामा, विद्यार्थी वसतिगृहे, सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि माणगावची परिषद उभी राहते. हे योग्यच आहे. तथापि चरित्रलेखनात नायकाचे सार्वजनिक कार्य आणि त्याचे खासगी छंद यांची दोन वेगळी दालने केली, की माणूस अर्धाच हाती लागतो. महाराजांचा सर्वांत मोठा छंद शिकारीचा होता. या छंदाने त्यांना रानाची, गावांची आणि उपेक्षित माणसांची ओळख करून दिली. आणि याच छंदाने त्यांच्या घरातील एक तरुण जीवही घेतला. या घटकात आपण त्यांचे चरित्र या एका धाग्याने पाहणार आहोत.

२. बालपण आणि जडणघडण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचे छत्र अगदी लहानपणी हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर त्यांचे दत्तकविधान झाले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांत वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

धिप्पाड शरीर, कुस्तीची आवड, घोड्यावरील पक्की मांड आणि जनावरांविषयीची जाण ही त्यांची वैशिष्ट्ये होती. कोल्हापुरातील खासबागचे कुस्तीचे मैदान आणि हत्तींच्या खेळासाठी बांधलेली साठमारी आजही याची साक्ष देतात. ब्रिटिशांच्या धोरणात संस्थानिकाने शिकारीत रमावे आणि राज्यकारभार अधिकाऱ्यांवर सोपवावा, अशी सोयीची अपेक्षा अनेकदा असे. महाराज शिकारीत रमले, पण कारभार त्यांनी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

३. शिकारीचे शब्द, शिकारीच्या रीती

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. 'मृगया' हा शब्द संस्कृतातून आला, 'शिकार' फारसीतून. 'पारध' हा मराठीचा जुना, घरचा शब्द. त्यापासून 'पारधी' आणि फास लावून सावज धरणारा तो 'फासेपारधी'. 'बंदूक' आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने आली, 'तोफ' तुर्कीतून, तर 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगिजांनी दिले. 'रायफल' मात्र इंग्रजीतून आली. ज्या क्रमाने शस्त्रे महाराष्ट्रात आली, साधारण त्याच क्रमाने शब्दही आले. शब्दकोशाचे हे एक पान म्हणजे लष्करी इतिहासाचा छोटा आलेखच आहे.

महाराजांच्या काळी कोल्हापुरात शिकारीच्या तीन रीती ठळक होत्या. पहिली चित्त्याची. शिकवलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत, डोळ्यांवरची टोपी काढून त्याला काळविटावर सोडत. चित्ता मारण्यासाठी नव्हे, तर चित्त्याकडून मारवण्यासाठीची ही शिकार. दुसरी भाल्याची. भरधाव घोड्यावरून रानडुकराचा पाठलाग करून त्याला भाल्याने टिपणे हा महाराजांच्या विशेष आवडीचा प्रकार होता. यात जनावर आणि माणूस दोघेही धोक्यात असतात. नांगरट, ओढे आणि खाचखळगे घोडेस्वाराला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिसरी रीत बंदुकीची. हाका घालून किंवा माग काढून वाघ, अस्वल आणि गवा यांसारखी जनावरे मारण्यासाठी ती वापरली जाई.

४. गवा आणि रायफलीची निवड

कोल्हापूर संस्थानच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे दाट जंगल आहे. हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान. तेथील मुख्य प्राणी रानगवा. पूर्ण वाढलेला नर सातशे ते हजार किलोंपर्यंत भरतो. त्याचे हाड जाड, खांद्यावरचा उंचवटा स्नायूंनी भरलेला. जखमी गवा दाट कारवीत शिरला, की शिकारी आणि शिकार यांच्या भूमिका बदलू शकतात. म्हणून अशा रानात जाणाऱ्याने कोणते हत्यार निवडावे, हा त्या पिढीच्या शिकाऱ्यांपुढचा खरा प्रश्न होता.

महाराजांच्या हयातीतच शस्त्रविद्येत मोठे स्थित्यंतर झाले. त्यांच्या बालपणी काळ्या दारूच्या, धुराचे लोट सोडणाऱ्या बंदुका प्रचारात होत्या. १८९० नंतर धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली आणि लहान व्यासाची गोळीही खोलवर जाऊ लागली. मोठ्या जनावरासाठी श्रीमंत शिकारी इंग्लंडमध्ये हाताने घडवलेली दुनळी रायफल पसंत करत. तिचे दोन बार पाठोपाठ, क्षणाचाही विलंब न लावता काढता येतात. शिवाय दोन्ही नळ्यांची यंत्रणा स्वतंत्र असल्याने एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. मात्र दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी बसतील अशी जुळणी करणे अत्यंत कौशल्याचे काम असल्याने तिची किंमत फार असे.

दुसरा पर्याय बोल्ट-ॲक्शन रायफलीचा. जर्मनीतील पाउल माउझर यांनी १८९८ मध्ये सिद्ध केलेल्या रचनेत एक दांडा मागे ओढून पुढे ढकलला, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत बसते. काडतुसाची कड पकडणारा लांब पंजा त्याला सुरुवातीपासून धरून ठेवतो, त्यामुळे गडबडीतही ते अडकण्याचा संभव कमी. एकच नळी असल्याने नेम अचूक आणि किंमत बरीच कमी. पेटीत तीन-चार काडतुसे. उणीव एकच : दुसऱ्या बारासाठी दांडा फिरवावा लागतो आणि धावून येणारा गवा तेवढा अवधी देईलच असे नाही. आपल्यापैकी जे चऱ्होली-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रावर काम करतात, त्यांना हे लगेच उमगेल. सुट्या भागांची जुळणी जितकी काटेकोर, तितका यंत्रावरचा विश्वास अधिक.

या निवडीत राजकारणही होते. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. त्याच व्यासाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुका देशात विखुरलेल्या होत्या आणि शिकारीचा दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल, अशी सरकारला भीती होती. त्यामुळे इंग्लंडमधील कारागिरांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी मापे काढली. मोठ्या व्यासाच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीही याच सुमारास पुढे आल्या : जेफरीची .४०४, वेस्टली रिचर्ड्सची .४२५, आणि १९११ मध्ये रिग्बीची .४१६ व गिब्सची .५०५. यांपैकी .४१६ रिग्बीची गोळी सुमारे साडेसव्वीस ग्रॅम वजनाची आणि वेग सेकंदाला सुमारे ७२० मीटर. तिचे काडतूस मुद्दाम प्रशस्त ठेवले होते; कारण उष्ण प्रदेशात दारू तापून दाब वाढतो आणि रिकामे काडतूस नळीत घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रायफली फारच थोड्या तयार झाल्या, म्हणूनच आज त्या दुर्मीळ मानल्या जातात.

व्यासाइतकीच गोळीची जातही महत्त्वाची. मऊ टोकाची गोळी वाघाच्या शरीरात पसरते आणि त्याला जागीच रोखते. तीच गव्याच्या खांद्यावर पसरली तर आत पोहोचतच नाही. त्याच्यासाठी पूर्ण धातूवेष्टित, टणक गोळी हवी. थोडक्यात, जनावर, रान, अंतर आणि स्वतःच्या खांद्याची सहनशक्ती ही चार मापे लावून शस्त्र निवडावे लागे; केवळ मोठे ते चांगले, असा हिशेब नव्हता.

आणखी एक गोष्ट विसरू नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. संस्थानिकांना सूट होती. रानाकाठच्या शेतकऱ्याचे पीक डुक्कर आणि गवे खात, पण त्याच्या हाती गोफण आणि कुऱ्हाडच असे. शस्त्र निवडण्याचे स्वातंत्र्य हाच मुळात एक विशेषाधिकार होता.

५. रानातील माणसे

शिकारीमुळे महाराज राजवाड्याबाहेर राहिले. हाकेकरी, माग काढणारे, चित्तेवान, गुराखी आणि धनगर यांच्याशी त्यांचा थेट संबंध आला. यांतील फासेपारध्यांची कथा विशेष आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अशा जमातींच्या लोकांना रोज गावात हजेरी द्यावी लागे. त्यामुळे कामासाठी परगावी जाणेही अशक्य होई. महाराजांनी पारध्यांना जवळ केले, त्यांना पहाऱ्याची कामे दिली आणि १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. ज्या माणसांचे कसब आपण रानात वापरतो, त्यांना गावात चोर ठरवणे ही विसंगती त्यांना मान्य नव्हती.

दाजीपूरच्या वाटेवरील रानाकडे त्यांनी केवळ शिकारीच्या नजरेने पाहिले नाही. तेथे कोसळणारा पाऊस आणि पूर्वेकडील कोरडी शेते यांचा मेळ घालण्यासाठी भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि राधानगरी वसवली. धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला.

६. १२ जून १९१८

महाराजांना राजाराम आणि शिवाजी हे दोन पुत्र. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा जन्म १८९९ चा. १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव इंदुमती ठेवण्यात आले. विवाहाला जेमतेम एक वर्ष होत होते. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत झालेल्या अपघातात राजपुत्रांचा मृत्यू झाला. त्यांचे वय एकोणीस.

ज्या प्रकारात महाराज स्वतः निष्णात होते, ज्याची आवड मुलाला वडिलांकडूनच आली, त्याच प्रकाराने मुलगा नेला. येथे रायफल कोणती, तिचा व्यास किती, हे सारे प्रश्न गैरलागू ठरतात. भाल्याच्या शिकारीत दोष हत्याराचा नसतोच. वेग, जमीन आणि क्षण यांच्यावर कुणाचीच सत्ता नसते. सुधारक म्हणून समाजाशी झुंजणारा हा राजा बाप म्हणून खचला.

इंदुमती तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. राजघराण्यातील विधवेच्या वाट्याला येणारे आयुष्य ठरलेले होते : पडदा, व्रते आणि कोंडलेली खोली. महाराजांनी ते नाकारले. सोनतळीच्या छावणीत त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली, शिक्षक नेमले आणि सोबतीला निरनिराळ्या समाजांतील मुली ठेवल्या. राजवाड्यातील वडीलधाऱ्यांचा विरोध त्यांनी जुमानला नाही. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा त्यांनी १९१७ मध्येच केला होता. आता सुधारणेचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्याच्या आत आला होता. इतरांच्या मुलींसाठी कायदा करणे आणि आपल्या सुनेसाठी घराशी भांडणे, यांतील दुसरी गोष्ट अधिक कठीण असते. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरातील स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी काम केले.

पुत्रशोकानंतर महाराजांना चारच वर्षे लाभली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

७. समारोप

दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून विस्तारले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. रान राखीव होते म्हणून ते टिकले, हे खरे. ते राजासाठी राखीव होते आणि रानाकाठच्या माणसाला त्यात प्रवेश नव्हता, हेही तितकेच खरे. शाहू महाराजांचे मूल्यमापन करताना त्यांचा शिकारीचा छंद झाकू नये आणि आजच्या मापाने त्याचा न्यायनिवाडाही घाईने करू नये. रानातून परतताना ते कोणाला बरोबर घेऊन आले आणि शिकारीने घर उजाडले तेव्हा त्यांनी काय उभे केले, या दोन प्रश्नांपासून अभ्यासकाने सुरुवात करावी.

स्वाध्याय

१. दुनळी रायफल आणि बोल्ट-ॲक्शन रायफल यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. १९०७ च्या बंदीमागील कारण आणि तिचा शस्त्रनिर्मितीवरील परिणाम स्पष्ट करा.
३. 'हजेरी' या शब्दाचा प्रस्तुत घटकातील अर्थ आणि आजचा प्रचलित अर्थ यांची तुलना करा.
४. आपल्या परिसरातील वृद्धांकडून शेती, शिकार किंवा कारखाना यांपैकी एका क्षेत्रातील दहा शब्द गोळा करा आणि ते कोणत्या भाषेतून आले असावेत, याची नोंद करा.