टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : इन्साफावरचा भरवसा कसा मोजायचा?

दरवर्षी गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी जाहीर होते. किती खून, किती चोऱ्या, कोणतं शहर किती सुरक्षित, याच्या बातम्या आम्हीही देतो. पण या आकड्यांत एक मोठी गोम आहे. चौकीत जेवढं लिहिलं जातं, तेवढंच त्यात येतं. ज्याची तक्रार लिहूनच घेतली नाही किंवा जो भीतीने चौकीची पायरी चढलाच नाही, त्याचा गुन्हा कुठेच मोजला जात नाही. म्हणून एखाद्या गावात नोंद कमी दिसली की तिथे सगळं आलबेल आहे, असं धरून चालत नाही. कधीकधी तिथे लोकांचा भरवसाच उडालेला असतो.

मग भरवसा मोजायचा कसा? आम्हाला वाटतं, एक साधी कसोटी आहे. ज्या माणसाबद्दल कोर्टाला, सरकारला किंवा खुद्द न्यायाधीशाच्या समाजाला आपुलकी नाही, त्यालाही कायद्याने जे द्यायचं ते मिळतं का? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई हायकोर्टात एक मुस्लिम न्यायाधीश या कसोटीला उतरले. त्यांचं नाव न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. आपल्या घरात मुलांना हे नाव माहीत असतं ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष म्हणून, तेही परीक्षेतल्या एका मार्कापुरतं. त्यांची खरी कमाई त्याहून मोठी आहे.

खंभातचं घराणं, मुंबईचा मुलगा

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी. त्या काळात इंग्रजी शिकणं म्हणजे दीन बिघडवणं, असं मानणारे लोक बिरादरीत कमी नव्हते. तय्यब अलींनी ते मनावर घेतलं नाही. मुलांना त्यांनी उर्दू-फारसीची तालीम तर दिलीच, शिवाय विलायतेलाही पाठवलं. बद्रुद्दीन यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये शिकून सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

बद्रुद्दीन आधी मदरशात शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते इंग्लंडला पोहोचले. तिथे डोळ्यांनी दगा दिला. दुखणं इतकं वाढलं की शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन बरे वाटताच पुन्हा गेले आणि एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाअखेर त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तिथले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. आजूबाजूचे बाकी बॅरिस्टर सगळे इंग्रज. थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्यांनी वकिली केली आणि पहिल्या रांगेतले वकील म्हणून नाव कमावलं.

एक कायदा, दोन मापं

त्या काळच्या कायद्यात उघडउघड दोन मापं होती. मोफसलात, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, गोऱ्या आरोपीचा खटला भारतीय न्यायाधीशापुढे चालत नसे. न्यायाधीश कितीही शिकलेला असो, त्याची चामडी आडवी यायची. 1883 मध्ये हा भेद दूर करण्यासाठी इल्बर्ट बिल आलं आणि गोऱ्या समाजाने आकाशपाताळ एक केलं. मुंबईत बिलाच्या बाजूने टाउन हॉलमध्ये सभा झाली. तिथे बोलणाऱ्यांत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे तिघे होते. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. शेवटी 1884 मध्ये सरकारने तडजोड केली. गोऱ्या आरोपीला निम्मे गोरे असलेली ज्युरी मागण्याची सोय ठेवली गेली. म्हणजे भेद गेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले.

पुढच्याच वर्षी याच तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. डिसेंबर 1887 मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं आणि बद्रुद्दीन अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाण्याला विरोध होता. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद राहिले, पण अदब सुटली नाही. बद्रुद्दीन यांचं म्हणणं असं की, देशाच्या सगळ्यांच्या प्रश्नांवर सगळ्यांसोबत उभं राहावं आणि आपल्या बिरादरीच्या प्रश्नांवर आपण आपलं काम करावं. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुस्लिम प्रतिनिधींचा एकजुटीने विरोध असेल तर तो चर्चेला घेऊ नये, असा नियम काँग्रेसने 1888 मध्ये केला. त्यामागेही त्यांचाच आग्रह होता.

बिरादरीचं कामही त्यांनी तोंडी लावण्यापुरतं केलं नाही. कमरुद्दीन आणि इतर साथीदारांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभारली. बोरीबंदर स्टेशनासमोरची ती इमारत आजही उभी आहे आणि आपल्यापैकी कित्येकांचे अब्बा, चाचा तिथे शिकले आहेत. आधी सचिव म्हणून आणि मग अध्यक्ष म्हणून बद्रुद्दीन शेवटपर्यंत तिच्याशी जोडलेले राहिले. मुलींच्या शिक्षणाबद्दल ते नुसतं बोलले नाहीत, स्वतःच्या मुलींना शिकवलं. त्यासाठी घरच्याघरी आणि बाहेरही बोलणी खाल्ली.

ऑगस्ट 1897 : परीक्षेची घडी

1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले मुसलमान. आणि दोनच वर्षांत त्यांच्यापुढे असा अर्ज आला की त्यावरचा निकाल सगळ्या देशाने पाहिला.

मागचा संदर्भ समजून घ्यायला हवा. ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, सत्तर-ऐंशी माणसं मेली होती. त्यानंतर बाळ गंगाधर टिळकांनी केसरीतून घेतलेली भूमिका मुसलमानांना दुखावणारी होती. गणेशोत्सव सार्वजनिक झाला तोही याच दिवसांत. थोडक्यात, टिळक आणि मुस्लिम समाज यांच्यात तेव्हा गोडी नव्हती. शिवाय बद्रुद्दीन मवाळ विचारांचे होते, टिळकांचं जहाल राजकारण त्यांना पटणारं नव्हतं.

1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेग कमिटीचे अधिकारी रँड यांच्या सक्तीने लोक हैराण झाले होते. 22 जून रोजी रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, दोघेही दगावले. सरकार चवताळलं. 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. केसरीतल्या लिखाणावरून त्यांच्यावर राजद्रोहाचं कलम 124-अ लावलं गेलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिल्यांदा नकारच मिळाला, आणि त्या पीठावर न्यायमूर्ती रानडेही होते.

मग खटला सेशनला पाठवला गेला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जामिनाचा अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. सरकारचा विरोध होता.

तय्यबजींना टिळकांचं लिखाण आवडतं की नाही, हा प्रश्नच त्या दिवशी नव्हता. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की हा माणूस खटल्याला हजर राहील का. जामिनाचा मतलब आरोपीची हजेरी पक्की करणं हा आहे, त्याला आधीच शिक्षा भोगायला लावणं हा नाही. आत डांबून ठेवलं तर त्याला आपला बचाव नीट तयार करता येणार नाही. आणि उद्या तो निर्दोष सुटला तर भोगलेले दिवस त्याला कोण परत देणार? या विचाराने त्यांनी 4 ऑगस्टला जामीन मंजूर केला. टिळक बाहेर आले, वकील गाठले, तयारी केली आणि सप्टेंबरमध्ये खटल्याला हजर झाले. पळून गेले नाहीत. न्यायाधीशाचा अंदाज बरोबर ठरला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊजणांच्या ज्युरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष म्हटलं. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सहा विरुद्ध तीन, तोही रंगाने वाटलेला आकडा! कोर्टावरच्या भरवशाचं माप घ्यायला आणखी कोणती मोजपट्टी हवी?

1908 मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. तोवर दावर स्वतः न्यायाधीश झाले होते. अर्ज त्यांच्याच पुढे आला आणि टिळकांच्या बाजूने बोलायला उभे राहिले तरुण बॅरिस्टर जिना. त्यांनी तय्यबजींच्या जुन्या निकालाचा आधार दिला. ज्या दावरांनी अकरा वर्षांपूर्वी तो जामीन मागून मिळवला होता, त्यांनी या वेळी नकार दिला आणि शेवटी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. माणूस तोच, कलम तेच, फक्त खुर्ची बदलली होती. खुर्ची बदलली की इन्साफ बदलतो, असं लोकांना दिसलं की भरवसा जातो.

शेवटची वर्षं

पुढे बद्रुद्दीन यांनी काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिलं. भारतीय माणसाला मुंबईत तो मान पहिल्यांदाच मिळत होता. डिसेंबर 1903 मध्ये मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स मुंबईत भरली, तिचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं आणि तिथेही मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. डोळ्यांचं दुखणं आयुष्यभर सोबत राहिलं. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. टिळकांचा दुसरा खटला पाहायला ते हयात नव्हते.

घराण्याचा वारसा मात्र थांबला नाही. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी हे बडोदा संस्थानात न्यायाधीश होते. पुढे गांधीजींसोबत गेले आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात म्हातारपणी तुरुंगात गेले. आणि 1956 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांच्या स्मरणार्थ पाटी लावली गेली, तेव्हा तिचं अनावरण करणारे मुख्य न्यायाधीश होते मोहम्मद करीम छागला.

आज आपल्यासाठी काय?

2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यातले सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चारातले तीन, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. तय्यबजींनी 1897 मध्ये विचारलेला प्रश्न आज इतक्या घरांच्या दारात उभा आहे. या घरांत आपल्या बिरादरीची घरंही आहेत आणि इतरांचीही.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. कोठडीत असलेल्या कोणालाही, तसंच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत सरकारी वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि अनेक गुन्हे अंगावर असतील तरीही अडचण येते. पण ज्यांना लागू आहे, त्यांच्यापैकी किती घरांना हे ठाऊक आहे?

आपल्या माणसाला जामीन मिळावा, असं सगळ्यांनाच वाटतं. तय्यबजींचा सबक त्याच्या पुढचा आहे. जो आपला नाही, ज्याचं बोलणं आपल्याला खुपतं, त्यालाही कायद्याने मिळायचं ते मिळावं, असं आपल्याला मनापासून वाटतं का? आम्ही आमच्यापुरता हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. उत्तर दरवेळी सोपं आलं नाही. तुम्हीही घरी, मुलांसमोर, एकदा विचारून पाहा. आणि घरात कोणी कायद्याचं शिक्षण घ्यायचं म्हणत असेल, तर त्याला किंवा तिला थांबवू नका.