हिमशिखरावरील लाकडी वेधशाळा

तेल्हाऱ्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग दिसते. तेथे घर बांधावयाचे झाल्यास पाया खणताच खडक लागेल, हे आपण गृहीत धरतो. ज्या शिखरावर खडकच सापडेना, तेथे घर उभारणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्यूल जान्सेन हा फ्रेंच ज्योतिर्विद 1824 साली पॅरिस येथे जन्मला. बालपणीच्या अपघाताने तो जन्माचा लंगडा झाला. आपल्या देशाशीही त्याचा संबंध आहे. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण त्याने गुंटूर येथून पाहिले, आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहणावाचून पाहण्याची युक्ती तेथेच साधली. 1870 साली वेढा पडलेल्या पॅरिसमधून दुसऱ्या ग्रहणासाठी तो बलूनमध्ये बसून निसटला. अल्जीरियास पोचला, तो ग्रहणाच्या वेळी आकाश ढगांनी भरलेले!

सूर्याच्या वर्णपटात प्राणवायूच्या काळ्या रेषा दिसतात. त्या सूर्यावरील वायूच्या, की आपल्याच वातावरणाच्या? विरळ हवेत त्या फिक्या पडतात काय, हे पाहण्यासाठी त्याने सुमारे 4,810 मीटर उंचीचे माँ ब्लाँ शिखर निवडले. पॅरिसच्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या आयफेलने 1891 साली बर्फात बोगदे खणविले. खडक लागला नाही. त्या मोहिमेतील एक डॉक्टर पर्वतावरच मरण पावला. आयफेलने हात काढून घेतला.

जान्सेनने बर्फालाच पाया मानिले. दाबलेल्या बर्फावर शिशाच्या जड चकत्या रचून त्याने प्रयोग केला. त्या काही मिलिमीटरच रुतल्या. मग म्यूदाँ येथे दुमजली लाकडी घर तयार झाले. बुडाशी ते 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद, आणि वर निमुळते होत गेलेले, म्हणजे वादळाचा जोर भिंतीवरून घसरून जावा. खालचा मजला बर्फात पुरावयाचा. घर कलल्यास सरळ करण्यासाठी खाली मळसूत्री टेकू. आमच्या मते त्याची खरी कल्पकता या टेकूंतच होती. बर्फ हलणार, हे त्याने आधीच मान्य केले होते. घर पुन्हा सोडविले, आणि हमालांनी त्याचे भाग पाठीवरून, अवघड चढावर रहाटाने ओढीत, शिखरावर नेले.

सप्टेंबर 1893 मध्ये एकोणसत्तर वर्षांचा जान्सेन घसरगाडीत बसून वाटाड्यांकरवी वर गेला. उंचीबरोबर रेषा फिक्या होत गेल्या. त्या आपल्याच हवेच्या, असा त्याने निर्णय दिला. 1907 साली तो वारला. घर बर्फात रुतत चालले होते. 1909 साली ते मोडून उतरविण्यात आले.