राजर्षी शाहू : हक्काच्या भाकरीचे शिल्पकार

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तक विधानाने कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. १८९४ साली राज्यकारभार हाती येताच त्यांनी दयेपेक्षा हक्काची वाट धरली. त्यांच्या चरित्राचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

१९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु दारिद्र्याचे मूळ जमिनीत रुतले होते. महार वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यापायी अवघे कुटुंब रात्रंदिवस गावकीच्या राबणुकीला जखडलेले असे. १९१८ साली महाराजांनी ते वतन मोडून जमिनी रयताव्याने त्यांच्या नावे केल्या. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि तेथील चहा स्वतः घेऊन समतेस बाजारपेठेत उभे केले.

१९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. वतनाच्या जोखडाविरुद्धचा तोच विचार बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयकाच्या रूपाने मुंबईच्या कायदेमंडळात मांडला.

६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. आज आमच्या वसतिगृहात एका पंगतीस बसणाऱ्या मुलामुलींना आम्ही हा इतिहास सांगतो, तो केवळ वंदनासाठी नव्हे. पुढे ती कोणाला मजुरी देतील, तेव्हा ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून द्यावी, एवढ्यासाठी.