मंत्राला किंमत लावणारा सूत्रधार

इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी जपून ठेवलेले ते अमोघ अस्त्र घटोत्कचावर खर्ची पडले आणि युद्धाचे पारडे फिरले. परशुरामांच्या शापामुळे ऐनवेळी मंत्र विसरण्याचे दुर्दैवही याच कर्णाच्या वाट्याला आले. अस्त्र जितके मोठे, तितकी त्यामागची अट कडक, हा दंडक महाभारतात जागोजागी दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावी, शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या एका माजी विमा कर्मचाऱ्यासमोर हाच प्रश्न उभा राहिला. तोही खेळाच्या पटावर. अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स हे त्यांचे नाव. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या दोन जनकांपैकी ते एक. दुसरे डेव्ह आर्नेसन.

गायगॅक्स यांचा जन्म 27 जुलै 1938 रोजी शिकागो येथे झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, एकेकाळी शिकागोच्या नामांकित वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे आणि पुढे कोट-सूट विकून संसार चालवणारे. गॅरी आठ वर्षांचे असताना मुलांच्या टोळ्यांत झालेल्या एका मोठ्या मारामारीनंतर कुटुंबाने शिकागो सोडले आणि आईच्या माहेरच्या गावी, लेक जिनिव्हाला बिऱ्हाड हलवले. पत्ते, बुद्धिबळ आणि स्वस्त कागदावर छापलेल्या अद्भुतकथांची मासिके यांत मुलगा रमला. शाळेत मात्र मन लागले नाही आणि ती अर्धवटच सुटली. नौदलाच्या मरीन दलात भरती झाले, तर न्यूमोनियामुळे थोड्याच दिवसांत परत यावे लागले. 1958 मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी विवाह झाला. पुढे पाच मुले झाली आणि शिकागोतील विमा कंपनीतील नोकरी हा चरितार्थाचा आधार बनला.

विवाहाच्याच वर्षी त्यांच्या हाती ‘गेटिसबर्ग’ हा युद्धखेळ आला. अमेरिकी यादवीतील लढाई पटावर पुन्हा लढण्याचा तो खेळ होता. त्या दिवसापासून संध्याकाळी घरी आलेला हा कारकुनी माणूस सेनापती होऊ लागला. 1968 मध्ये त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ नावाचा हा मेळावा आजही दरवर्षी भरतो. त्याच्या दुसऱ्याच वर्षीच्या मेळाव्यात त्यांची आर्नेसन यांच्याशी गाठ पडली.

ऑक्टोबर 1970 मध्ये नोकरी गेली. मोठे कुटुंब आणि मिळकत शून्य. गायगॅक्स घरीच पादत्राणे दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागले. 1971 मध्ये जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेले ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे पुस्तक निघाले. त्याच्या शेवटी एक पुरवणी होती. तिच्यात राक्षस, ड्रॅगन आणि मांत्रिक रणांगणावर उतरवण्याची सोय होती.

पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या पुरवणीत आहे. ‘चेनमेल’च्या सैन्ययुद्धात एक बाहुली म्हणजे वीस सैनिक. अशा पटावर मांत्रिकाला काय काम द्यायचे? गायगॅक्स यांनी त्याला तोफखाना बनवले. त्याचा अग्निगोल मोठ्या दगडफेकी यंत्राइतक्या टापूत फुटे आणि त्याचा विद्युत्पात जड तोफेच्या गोळ्याच्या तोडीचा असे. शेकडो सैनिकांच्या गर्दीत अशी एखादी तोफ शोभून दिसते, खेळही बिघडत नाही.

पण आर्नेसन यांनी मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात याच सुमारास वेगळाच प्रयोग चालवला होता. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येक खेळाडू सैन्य न चालवता एकाच पात्राची भूमिका घेई. ते पात्र किल्ल्याखालच्या भुयारांत उतरे, लढे, धन मिळवी, अनुभवाने मोठे होई आणि पुढच्या बैठकीत तेथूनच पुढे निघे. 1972 च्या अखेरीस आर्नेसन यांनी हा खेळ लेक जिनिव्हा येथे येऊन दाखवला. गायगॅक्स यांनी त्यावरून नियमांचा खर्डा रचला आणि स्वतःचे ‘ग्रेहॉक’ नावाचे भुयार उभे केले. त्यात पहिल्यांदा उतरली ती त्यांचीच दोन मुले.

सैन्याचा खेळ माणसांचा झाला, पण तोफ तशीच राहिली. आता ती पाच-सहा जणांच्या टोळीबरोबर दहा फुटी बोळातून चालू लागली होती.

जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. तपकिरी खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. या पहिल्या आवृत्तीत योद्ध्याच्या तलवारीचा घाव एका फाशाचा असे. त्याचा नेम अनुभवाने सुधारे, पण घाव एकाच फाशाचा राही. मांत्रिक पाचव्या पातळीला पोहोचला की त्याला अग्निगोलाचा मंत्र मिळे आणि त्याचे फासे त्याच्या पातळीइतके असत. सहाव्या पातळीचा मांत्रिक सहा फासे टाकी आणि ते नुकसान टापूतल्या प्रत्येक शत्रूच्या माथी बसे. हा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला कळण्यासारखा आहे. गायगॅक्स यांना तो कळला नव्हता असे म्हणता येणार नाही.

त्यांनी यावर जो उपाय योजला, तो जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून उचललेला होता. व्हान्स यांच्या 1950 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डाइंग अर्थ’मधील जादूगारांना मोजकेच मंत्र डोक्यात मावत आणि उच्चारताक्षणी मंत्र स्मृतीतून पुसला जाई. गायगॅक्स यांनी हा नियम जसाच्या तसा पटावर आणला. पहिल्या पातळीचा मांत्रिक दिवसाकाठी एकच मंत्र म्हणू शके. तो म्हणून झाला की उरलेला दिवस हातात खंजीर घेऊन, चिलखताविना, साथीदारांच्या पाठीआड काढायचा. योद्ध्याला दुसरी पातळी दोन हजार अनुभवगुणांनी मिळे, मांत्रिकाला अडीच हजार लागत. बहुतेक मांत्रिक थोर होण्याआधीच भुयारात गतप्राण होत. जो तगेल त्याला पुढे वैभव. थोडक्यात, गायगॅक्स यांचा समतोल एका लढाईतला नव्हता, तो पात्राच्या अख्ख्या आयुष्यावर पसरलेला होता.

विचार चतुर होता, पण त्यात एक भगदाड होते. खेळ जसा लोकप्रिय झाला, तसे तगलेले मांत्रिकही वाढले. शिवाय 1975 मध्ये गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांनी काढलेल्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने मंत्रांच्या सहा पातळ्यांवर आणखी तीन चढवल्या. काळ थांबवणे, आकाशातून उल्का पाडणे, एका शब्दाने प्राण घेणे आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘विश’, म्हणजे मागाल ते देणारा वर. भस्मासुराची आणि हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकाला असा वर दिल्यावर काय होते हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील खेळाडूंनी तो प्रत्यक्ष अनुभवला. गावोगावच्या घरांत चाळिसाव्या पातळीचे महामांत्रिक जन्मले. 1976 मध्ये कंपनीने देवदेवतांवर एक पुस्तिका काढून त्यांचेही बळ आकड्यांत मांडले. त्यात भारतीय देवही होते. देवच इतके बलाढ्य, तर तुमचे पात्र कोठले चाळिसाव्या पातळीचे, हे सुचवण्याचा त्यात हेतू होता. परिणाम उलटा झाला. खेळाडूंनी ती यादी आपल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची मानली!

गायगॅक्स यांनी स्वतःच्या टोळीतील बलाढ्य पात्रांसाठी वेगळा सापळा रचला होता. 1975 च्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात खेळवलेल्या आणि 1978 मध्ये छापलेल्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या थडग्यात ताकदीला फारसा वावच नव्हता. तेथे सावधपणा आणि संशयी बुद्धी असलेलाच जिवंत परत येई.

1977 ते 1979 या काळात त्यांनी एकट्याने लिहिलेली तीन जाड पुस्तके हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत प्रत्येक मोठ्या मंत्राला त्यांनी काहीतरी दंड लावला. एक फेरी एका मिनिटाची, तिचे दहा भाग. अग्निगोलाला त्यातले तीन भाग लागत. तेवढ्यात कोणी मांत्रिकाला घाव घातला तर मंत्र वाया. साहित्य म्हणून वटवाघळाची विष्ठा आणि गंधक जवळ हवे. अग्निगोल फुटला की 33 हजार घनफूट जागा भरून काढी. दहा फूट रुंद आणि तितक्याच उंच बोळात ही ज्वाळा 330 फूट लांब पसरते. म्हणजे मंत्र टाकणाराही भाजून निघणार. विद्युत्पात भिंतीवर आपटून उलटा येई. साथीदारांना दुप्पट वेगवान करणाऱ्या मंत्राने त्यांचे वय एका वर्षाने वाढे. ‘विश’ म्हणणाऱ्याचे तीन वर्षांनी, तर अन्य लोकांचे दार उघडणाऱ्याचे पाच वर्षांनी. विमा कंपनीत जोखीम मोजून हप्ता ठरवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा हात या तक्त्यांमध्ये ओळखू येतो.

हे नियम कितपत पाळले गेले हा प्रश्न निराळा. शुक्रवारी रात्री मित्रांच्या घोळक्यात मिनिटाचे दहा भाग कोण मोजत बसणार? अनेक घरांत मंत्र ठेवले गेले, दंड मात्र वगळले गेले.

पटावर तोल राखणाऱ्या या माणसाला कंपनीत तो राखता आला नाही. ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी ऑक्टोबर 1973 मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासह प्रत्येकी एक हजार डॉलर घालून सुरू झाली. छपाईला पैसे कमी पडले म्हणून डिसेंबरमध्ये ब्रायन ब्लूम दोन हजार डॉलर घेऊन आले. जानेवारी 1975 च्या अखेरीस के यांचे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. ब्लूम पितापुत्रांकडे ते होते. सोलापूर-पुणे मार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत दोघा-तिघा मित्रांच्या भागीदारीतून शेड उभी करणाऱ्या कोणाही लघुउद्योजकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. माल एकाच्या डोक्यातून निघतो, पण मतांची गणती भांडवलावर होते. स्वतः जन्माला घातलेल्या कंपनीत गायगॅक्स अल्पमतात गेले. आर्नेसन यांनी मानधनासाठी 1979 मध्ये दावा गुदरला, तो 1981 मध्ये समेटाने मिटला.

याच वर्षांत खेळ मुलांना जादूटोणा शिकवतो, असा आरोप काही धार्मिक गटांनी केला आणि त्यावर देशभर वादळ उठले. गायगॅक्स स्वतः काही काळ ‘जेहोवाज् विटनेसेस’ या कडव्या पंथात होते. ज्या मंत्रांना भाविक भीत होते, त्यांना वेसण घालण्यातच या गृहस्थांची वर्षे गेली होती.

1983 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने ते कॅलिफोर्नियात गेले. मागे कंपनी कर्जात बुडाली. त्यांनी परत येऊन 1985 मध्ये सूत्रे हाती घेतली आणि ताबडतोब पैसा आणील असे पुस्तक बाजारात उतरवले, ‘अनअर्थ्ड आर्काना’. त्यात योद्ध्यांना शस्त्रनैपुण्याचा लाभ मिळाला खरा. पण नवे सरदार आणि रानटी वीर जुन्या पात्रांना झाकोळून टाकणारे निघाले. मंत्रांतही जबर भर पडली. त्यांतल्या एका मंत्राने समोरच्याच्या साऱ्या जादुई वस्तू निकामी होत आणि त्याला नाव होते मॉर्डेनकाइनन या गायगॅक्स यांच्याच लाडक्या मांत्रिकाचे. पुस्तक धडाक्याने खपले, कंपनीला श्वास घेता आला. ज्या समतोलासाठी त्यांनी दहा वर्षे आकडे जुळवले, तो त्यांच्याच लेखणीने ढळला, अशी टीका मात्र जुन्या खेळाडूंनी केली. ती अन्यायाची नव्हती. पण कर्जाचा डोंगर पाठीशी नसलेल्यांना ती करणे सोपेही होते.

हा त्याग, त्याग म्हणता येत असेल तर, फळला नाही. त्यांनीच व्यवस्थापनासाठी आणलेल्या लॉरेन विल्यम्स यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लूम यांचे समभाग विकत घेतले. गायगॅक्स न्यायालयात गेले, हरले आणि 1986 अखेर कंपनीतून बाहेर पडले. 1987 मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरा विवाह झाला. 1992 मध्ये त्यांनी ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ काढला, तर जुन्याच कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला.

1997 मध्ये ही कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व पात्रांना अनुभवाचा एकच तक्ता आला, वय वाढण्याचे दंड गेले आणि शत्रू अंगावर असतानाही मंत्र सांभाळून म्हणण्याची सोय झाली. मांत्रिक पुन्हा मोकाट सुटला. वेगाचा मंत्र तर 2003 च्या सुधारित आवृत्तीत आवरावा लागला. गायगॅक्स यांना ही आवृत्ती फारशी रुचली नव्हती.

2004 मध्ये त्यांना अर्धांगवायूचे झटके आले. तरी लेक जिनिव्हाच्या घरी येणाऱ्या खेळाडूंसाठी पट मांडला जात राहिला. 4 मार्च 2008 रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, चौथी आवृत्ती आली. तिने योद्धा आणि मांत्रिक यांना जवळपास एकाच साच्यात बसवून वाद मिटवण्याचा प्रयत्न केला. खेळाडूंचा मोठा वर्ग त्यावर रुसला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत मांत्रिकाला मोठे मंत्र परतले, पण टिकून राहणारे बहुतेक प्रभावी मंत्र एका वेळी एकच धरून ठेवता येईल अशी अट आली. ‘विश’ने वय वाढत नाही आता. दुसऱ्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडे काही मागितले, तर तो मंत्र पुन्हा कधीच म्हणता न येण्याची शक्यता शंभरात तेहतीस ठेवलेली आहे.