महाराज असते तर...

बँकेत अधिकारी होऊन माझी शहाद्याला बदली झाली ते साल १९८६. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला; तेव्हा शहादा धुळ्यातच होते. बाजाराच्या दिवशी बँकेत गर्दी उसळे. तिच्यात पैशांसाठी आलेले थोडे आणि कागद वाचून घ्यायला आलेलेच अधिक असत. फेट्याच्या घडीतून कुणी नोटीस काढी, कुणी सोसायटीची पावती, कुणी सातबारा.

एकदा अशाच एका म्हाताऱ्या भिल्लाला, वेळ संपली, उद्या या, असे सांगून मी परत पाठवले. तो पुढच्या बाजारी आला. घडी उलगडली, तर जमिनीच्या सुनावणीची नोटीस! तारीख दोन दिवसांपूर्वीच उलटलेली. तो मला एक शब्दही बोलला नाही. महाराज असते तर ही वेळ आली नसती, एवढेच पुटपुटत पायऱ्या उतरला.

हे महाराज म्हणजे अंबरसिंग सुरतवंती. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. मी त्यांना पाहिले नाही. ते मला कळले ते काउंटरपलीकडच्या अशा माणसांकडून.

स्वतः भिल्ल असलेले अंबरसिंग भजने म्हणत, दारू सोडा म्हणून सांगत. म्हणून ते महाराज. रात्री भजनाला माणसे जमत आणि तिथेच घरादाराच्या, मजुरीच्या, शेताच्या गोष्टी निघत. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनी गहाणात, खंडात, उसन्या दाण्यांपोटी हातातून निसटल्या होत्या. अंगठा कशावर उमटला, हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. गाव नमुना सात आणि बारा मिळून होतो तो सातबारा. त्यावर आपले नाव आहे की गेले, हे विचारायचे तरी कुणाला?

मे १९७१ मध्ये धान्यावरून पाटीलवाडीला गोळीबार झाला आणि हा भाग महाराष्ट्राच्या नजरेस आला. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, गावोगाव जमिनींची चौकशी सुरू झाली, तरुणांची शिबिरे भरली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून शिकलेली मुले आली खरी. पण त्यांचे म्हणणे पाड्यापाड्यांत पोचले ते महाराजांच्या शब्दावर. ज्याच्याबरोबर रात्रभर टाळ धरला, त्याने सांगितलेली गोष्ट परकी वाटत नाही.

१९७४ मध्ये महाराज गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या आदिवासींच्या जमिनी परत मिळवण्याची वाट खुली केली. मात्र कायदा झाला म्हणजे तो पाड्यावर कळला, असे होत नाही. माझ्याकडे आलेला म्हातारा त्याचाच दाखला.

त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी वेळ संपल्यावरही मी अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसू लागलो. कागद घेऊन माणसे येत. मी वाची, तारीख दोनदा सांगे. तो म्हातारा मात्र पुन्हा आला नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. परवा शहाद्याला गेलो होतो. बसस्थानकावर एक आजी नातवाच्या मोबाइलवर डोळे लावून बसली होती. नातू एकेक नाव वाचत होता आणि आजी प्रत्येक नावाला मान हलवत होती.